पोराचा हात आणि म्हाताऱ्याचा हात



नायजेरियातील योरुबा लोकांत एक म्हण आहे : पोराचा हात फळीला पुरत नाही, आणि म्हाताऱ्याचा हात भोपळ्याच्या तोंडात शिरत नाही. भोपळा म्हणजे वाळवून, कोरून भांडे केलेला. आम्ही शाळा फारशी पाहिलेली नाही. पण जुना कारागीर आणि उमेदवार पोरगा एकाच यंत्रावर पाहिलेले असल्याने म्हण चटकन उमगली.

ख्रिस्ती माणसाला येथे पौलाचे करिंथकरांस पत्र आठवावे. शरीर एक, अवयव अनेक. डोळ्याने हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणू नये. दुबळ्या अवयवाची गरज पौल सांगतो. म्हण थोराचेही उणे उघड सांगते. मग मदत हा उपकार उरत नाही.

सॅम्युएल अजायी क्राउथर हे योरुबाच. १८२१ साली पोरवयात गुलाम म्हणून धरले गेले, पुढच्या वर्षी सुटले. १८६४ साली अँग्लिकन पंथाचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. योरुबा बायबलामागे त्यांचे कष्ट आहेत. १८९० साली तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवले आणि ऐंशी उलटलेल्या या गृहस्थांना बाजूस सारले. १८९१ च्या अखेरीस ते वारले. त्यांच्या जागी गोरा बिशप आला. पौलाचे पत्र त्या तरुणांच्याही हातात होतेच की!

आम्ही त्यांना हसणार नाही. एका संपात ‘तडजोड करा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या फिटरला आम्ही सभेत बोलू दिले नव्हते. तो टोपी सावरून खाली बसला.