एका सेवामंडळाचे पहिले चार अध्यक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चिटणिसांनी ‘संस्था आणि तिचे अध्यक्ष’ या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम पुष्कळ टाळाटाळ केली. कारण उघड आहे. या मंडळाच्या अध्यक्षपदावर मी स्वतः सलग नऊ वर्षे बसलो होतो, आणि ती नऊ वर्षे मंडळाच्या भरभराटीची होती असे माझ्या मित्रांनीही कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही. अध्यक्ष कसा असावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. कसा नसावा, याविषयी मात्र अनुभवाचे चार शब्द बोलू शकेन. परंतु आपल्या घरची गोष्ट आपल्याच अंगणात सांगू लागले की नावे निघतात, आणि नावे निघाली की विषय बाजूला राहतो. म्हणून मी आज तुम्हांस दूरच्या एका मंडळाची हकीकत सांगणार आहे. ते मंडळ म्हणजे शिकागो शहरातील पहिला रोटरी क्लब. रोटरीचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे; कित्येकांनी तिच्या भोजनाचा आस्वादही घेतला असेल. पण पहिल्या पाच-सहा वर्षांत त्या क्लबात जे घडले ते फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या उपयोगाचे तेच आहे.

१९०० च्या खानेसुमारीत शिकागोची वस्ती सतरा लाखांच्या घरात होती. रेल्वे, कत्तलखाने, धान्याचा बाजार यांनी गजबजलेले ते शहर. पोटापाण्यासाठी चहूंकडून आलेल्या माणसांचे. पॉल हॅरिस नावाचा वकील अशांपैकीच एक. त्याचा जन्म १८६८ चा. आजी-आजोबांनी त्याला व्हरमाँटमधील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी वाढविले. १८९१ साली वकिलीची परीक्षा उतरल्यावर या गृहस्थाने काय करावे? पाच वर्षे देशभर भटकण्यात घालविली. वार्ताहर झाला, नाटकात उभा राहिला, संगमरवर विकला, गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर मजुरी केली. १८९६ मध्ये तो शिकागोत स्थिरावला. वकिली चालली, ओळखी झाल्या. पण रविवारी ज्याच्या घरी जाऊन बसावे असा माणूस मिळेना. मुंबईत खोली घेऊन राहिलेल्या आपल्याकडील जुन्या पिढीला ही व्यथा निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. आपली ज्ञातिमंडळे तरी दुसऱ्या कशातून जन्मली?

एका संध्याकाळी एका वकील स्नेह्याने हॅरिसला आपल्या घरी जेवायला नेले. जेवणानंतर दोघे फिरावयास निघाले, तेव्हा तो स्नेही वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारून क्षेमकुशल विचारू लागला. हॅरिसला आपले गाव आठवले. ही गोष्ट १९०० ची. तिचे बीज रुजावयास मात्र पाच वर्षे लागली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री हॅरिस आणि त्याचा मित्र सिल्व्हेस्टर शील हे एका इटालियन खाणावळीत जेवले आणि तेथून युनिटी बिल्डिंग या इमारतीतील ७११ क्रमांकाच्या खोलीत गेले. ती गुस्टाव्हस लोअर या खाणींच्या इंजिनियराची कचेरी. तेथे हायरम शोरी हा शिंपीकामाच्या धंद्यातील गृहस्थ होता. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक इंजिनियर, एक शिंपी. चौघांपैकी एकाचाही जन्म शिकागोचा नव्हता. प्रत्येक धंद्यातून एकच माणूस घ्यावयाचा आणि आळीपाळीने एकेकाच्या धंद्याच्या जागी जमावयाचे, असे ठरले. त्या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव पडले.

तिसरी बैठक शीलच्या कोळशाच्या वखारीत झाली आणि तीत अध्यक्षाची निवड झाली. कल्पना हॅरिसची, माणसे त्याने जमविलेली; तेव्हा अध्यक्ष तोच होणार असे कोणासही वाटेल. आपल्याकडे तर संस्थापक म्हणजे तहहयात अध्यक्ष, हे जणू घटनेत न लिहिलेले पहिले कलम आहे. परंतु अध्यक्ष झाला कोळशाचा व्यापारी शील. हॅरिसने कोणतेच पद घेतले नाही. यात त्याची विनम्रता किती आणि वकिली धोरण किती, हा प्रश्न मी अनेकदा मनाशी घोळविला आहे. दोन्ही असावे. एवढे खरे की, संस्था माझी आहे असे म्हणण्याची सोय त्याने पहिल्या महिन्यातच स्वतःपुरती बंद केली.

दुसरा अध्यक्ष अल् व्हाइट, १९०६ चा. वाद्यनिर्मितीच्या धंद्यातील हा गृहस्थ. त्याच्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. मात्र त्याच वर्षी क्लबाची घटना लेखी झाली आणि तीत दोनच उद्देश होते: सभासदांच्या धंद्याची वाढ आणि परस्पर स्नेह. याबद्दल त्यांना मुळीच संकोच नव्हता. कोणी कोणास किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवण्यासाठी एक स्वतंत्र पदाधिकारीसुद्धा नेमलेला होता! आपण आपल्या मंडळांच्या घटनांत समाजोन्नती, विद्याप्रसार असे भारदस्त शब्द घालतो आणि बैठकीनंतर व्हरांड्यात मुलाच्या नोकरीचे बोलतो. शिकागोकरांनी व्हरांड्यातली गोष्ट घटनेत लिहिली. मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

याच सुमारास डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण गेले. त्याने घटना वाचली आणि नकार दिला. जी संस्था आपल्या सभासदांखेरीज कोणाचेच भले करीत नाही ती टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आता आपण असतो तर काय केले असते? ‘नको तर नको’ म्हणून पुढच्या नावाकडे वळलो असतो, आणि त्या गृहस्थाच्या शिष्टपणाची चर्चा वर्षभर केली असती. क्लबाच्या मंडळींनी त्यालाच सांगितले की, मग तुम्हीच तिसरा उद्देश लिहून द्या. कार्टरने तो लिहिला: शिकागो नगराचे हित साधणे आणि नागरिकांत नगराविषयी अभिमान जागविणे. घटनेत तो दाखल झाला आणि कार्टरही सभासद झाला. पुढे जगभर सेवेच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेत सेवेचे कलम येणेप्रमाणे एका नकार देणाऱ्याच्या हातचे आहे.

१९०७ मध्ये हॅरिस तिसरा अध्यक्ष झाला, आणि भांडणाला खरा आरंभ तेथून झाला. नगराचे हित म्हणजे नेमके काय करावयाचे? त्याने निवडलेले काम ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. भर वस्तीत सार्वजनिक शौचकूप बांधावयाचे! शिकागोत बाजारास आलेल्या पुरुषाला गुत्त्यात शिरावे लागे आणि तेथे पेला घेतल्याशिवाय निघणे कठीण; स्त्रियांना मोठ्या दुकानांचा आश्रय. साहजिकच गुत्तेवाले आणि दुकानदार विरोधात गेले. क्लबाने इतर संस्थांना बरोबर घेऊन नगरपालिकेकडे दोन वर्षे लकडा लावला आणि १९०९ च्या सुमारास ते काम पुरे झाले. समारंभपूर्वक कोनशिला बसवावी, छायाचित्र स्मरणिकेत छापावे, असे हे काम नव्हते. गरज मात्र खरी होती, आणि तिच्यामुळे अन्य संस्थांबरोबर बसण्याची या मंडळींना सवय लागली.

हॅरिसची दुसरी आकांक्षा अधिक अवघड होती. असे क्लब गावोगाव निघावेत, असा त्याचा ध्यास होता. जुने सभासद म्हणाले, आम्ही येथे चार घटका स्नेहासाठी येतो. जगाच्या उठाठेवीचा खर्च आणि श्रम आम्ही का सोसावेत? त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. वाढणाऱ्या संस्थेत पहिला स्नेह पातळ होतोच. वाद विकोपाला गेला आणि १९०८ मध्ये हॅरिसने अध्यक्षपद सोडले. संस्था सोडली नाही, निराळा गट काढला नाही, तोच धंदा करणारे दुसरे मंडळ शेजारच्या गल्लीत उघडले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे दुसरा क्लब स्थापन झाला.

चौथा अध्यक्ष हॅरी रगल्स हा छापखानेवाला. दुसऱ्याच बैठकीपासून आलेला, सभासद जमविण्यात सर्वांच्या पुढे. बैठकीत कोणी अश्लील विनोद सुरू केला, किंवा वातावरण तापले, की हा उठून गाणे म्हणावयास लावी. बैठकीत सामुदायिक गायनाची प्रथा त्याने पाडली. तत्त्ववेत्त्या हॅरिसच्या मागोमाग हा गाणारा मुद्रक अध्यक्ष झाला आणि दुभंगू पाहणारे मंडळ एकत्र राहिले. चौघांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच.

ऑगस्ट १९१० मध्ये सोळा क्लबांचे अधिवेशन शिकागोत भरून राष्ट्रीय संघटना झाली. तिचे अध्यक्षपद हॅरिसकडे आले. दोन वर्षांनी त्याने तेही दुसऱ्याच्या हाती दिले. चिटणीस मात्र चेस्ली पेरी झाला आणि १९४२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, तोच राहिला. दप्तर एका हातात आणि खुर्ची फिरती, अशी ही व्यवस्था. आमच्याकडे माझ्या कारकीर्दीत नेमके उलट होते: अध्यक्ष स्थिर आणि चिटणीस दर दोन वर्षांनी राजीनामा देऊन मोकळे!

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९१९ साली कलकत्त्यास क्लब निघाला, १९२९ मध्ये मुंबईस. कलकत्त्याच्याच क्लबातील नितीशचंद्र लाहरी हे १९६२-६३ मध्ये सर्व जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले आशियाई. बालपक्षाघाताच्या निर्मूलनाचे कार्य आपण डोळ्यांनी पाहिले आहे. भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश त्या रोगापासून मुक्त म्हणून जाहीर झाला. त्या कामात सरकार व जागतिक संस्था यांच्याबरोबर रोटरीचाही मोठा वाटा आहे.

तथापि तिची काळी बाजूही सांगितली पाहिजे. स्त्रियांना या संस्थेचे दार आठ दशके बंद होते. कॅलिफोर्नियातील एका क्लबाने १९७८ च्या सुमारास तीन स्त्रियांना सभासद केले, तर त्या क्लबाचीच सनद काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. मग १९८९ मध्ये नियम बदलला. पहिली स्त्री जागतिक अध्यक्ष झाली ती २०२२ साली. समोर बसलेल्या भगिनींनी हिशेब केलाच असेल की, आपल्या कार्यकारिणीत तेरांपैकी एकच स्त्री आहे आणि तिच्याकडे हळदीकुंकवाचे खाते आहे.

कोणी म्हणेल, त्यांची तुलना आमच्याशी कशी? ते धंद्यावरून माणसे निवडीत, आपण जन्मावरून एकत्र आलो. हा भेद मला मान्य आहे, आणि तो आपल्या बाजूने बोलणारा नाही. त्यांच्या नियमाने एका टेबलाभोवती निरनिराळ्या धंद्यांची, निरनिराळ्या कुळांची माणसे येत. आपल्या नियमाने सारखीच माणसे येतात. सारख्या माणसांत अध्यक्ष बदलला नाही तर नवा विचार यावयाचा कोठून?

माझ्या अध्यक्षपदाच्या सातव्या वर्षी दोन तरुण सभासदांनी मला एक पत्र दिले होते. आपल्या शिष्यवृत्त्या ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यांनाही थोड्याफार द्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. मी ते पत्र ‘योग्य वेळी विचार करू’ असे म्हणून टेबलाच्या खणात ठेवले. पद सोडताना खण रिकामा केला तेव्हा ते सापडले. तोवर त्यांपैकी एकाने सभासदत्व सोडले होते आणि दुसरा दूर देशी गेला होता. माझ्या जागी दर वर्षी नवा माणूस येत असता, तर ते पत्र एखाद्याच्या तरी हातून टेबलावर आले असते.

१९०५ च्या त्या चौघांपैकी लोअर आणि शोरी लवकरच क्लब सोडून गेले. शील आणि हॅरिस शेवटपर्यंत स्नेही राहिले. शील १९४५ च्या डिसेंबरात वारला, हॅरिस १९४७ च्या जानेवारीत. शिकागोच्या माउंट होप दफनभूमीत दोघे जवळजवळ आहेत.

उद्या सकाळी सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीचा जो ठराव येत आहे, त्याअन्वये कोणाही सभासदास लागोपाठ दोन वर्षांहून अधिक काळ अध्यक्ष राहता येणार नाही. ठरावाच्या सूचकांत माझे नाव आहे, आणि त्याबद्दल आज सकाळपासून तिघांनी माझी थट्टाही केली. विरोध करणाऱ्या सभासदांनी आपली नावे आज रात्री जेवणापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. त्यांना बोलण्यास पुरेसा वेळ मिळावा अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. ते जुने पत्रही मी बरोबर आणले आहे; ते उद्या, पाच वर्षे उशिरा का होईना, सभेपुढे वाचून दाखवीन.