फुकटचं वायफाय आणि संगणकाचा पहारेकरी

जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय आलं आणि फलाटावरची माणसं मोबाइलमध्ये रमली. सोय मोठीच, पण त्याच जाळ्यात अनोळखी माणसंही असतात.

2010 मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ हे साधन खुलं केलं. कॅफेत शेजारी बसलेल्याचं फेसबुक खातं त्यातून दोन क्लिकमध्ये उघडायचं! हेतू चोरीचा नव्हता, कंपन्यांना जागं करण्याचा होता. आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे मजकूर कुलूपबंद जातो. तरी स्थानकाच्या नावाचं बनावट वायफाय कुणीही उभारू शकतो.

इथे फायरवॉल कामी येते. बाहेरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या ती दारातच अडवते. विंडोज एक्सपीत ती होती, पण बंद असायची. ऑगस्ट 2003 मध्ये ‘ब्लास्टर’ या जाळ्यातून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने असंख्य संगणक पछाडले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती आपोआप चालू राहील अशी सोय केली.

मात्र बनावट पानावर आपणच पासवर्ड टाकला, तर फायरवॉलही हतबल. म्हणून बाहेर लॅपटॉप जोडताना ‘पब्लिक नेटवर्क’ निवडा आणि बँकेचे व्यवहार स्वतःच्या मोबाइल डेटावरच करा.