तुमच्या दारात पाणी किती फुटाला येतं?

साताऱ्यात काही मित्रांनी त्यांच्या भागासाठी एक नागरिक संघटना सुरू केलीय. 'तुमच्या सांगलीच्या संघटनेनं वर्षभर काय केलं ते येऊन सांग,' असं ते म्हणाले. तिथं जे बोललो तेच आजच्या भागात. ऐकायला वेळ नसेल तर खाली वाचा.

तर मंडळी, मी सांगलीचा. बीटेक झालो, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शनिवार-रविवार घरी असतो. आमची संघटना छोटी आहे, पाच गल्ल्यांची. अहवाल वाचायचा तर यादी मोठी आहे: जानेवारीत हळदीकुंकू, मग रक्तदान शिबिर, मुलांची चित्रकला स्पर्धा, जूनमध्ये झाडं लावली. फोटो भारी आलेत, रीलला लाइकपण बऱ्यापैकी. पण ही यादी वाचायला मी सातारला आलेलो नाही.

मला 2019 बद्दल बोलायचंय. त्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा आमचे आजोबा म्हणाले, 'मी 2005 चा पूर बघितलाय. अंगणात कमरेएवढं आलं होतं, घरात नाही आलं. बसा निवांत.' आम्ही बसलो. 2005 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. 2019 ला ते साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं. आजीला आम्ही होडीतून बाहेर काढली. आजोबा खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्याकडे आधीच्या पुराची आठवण होती, पुढच्या पुराचा आकडा नव्हता.

आयर्विन पूल 1929 चा. पावसाळ्यात अख्खी सांगली तिथल्या फुटांवर जगते. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. मोबाइलवर दर तासाला मेसेज येतो, 'आता 38, आता 39'. पण माझ्या दारात पाणी कितीला येणार, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

मी इंजिनिअर, म्हणून ॲप बनवलं. चार रात्री जागलो. लोकांनी कौतुक केलं, डाउनलोड केलं आणि विसरले.

मग एका काकूंनी सोपं करून दिलं. त्या म्हणाल्या, 'भिंतीवरचा चिखल आम्ही घासलाय. कुठवर होता ते आम्हाला विचार की.' टेप घेऊन आम्ही दारोदार गेलो. हिशोब साधा आहे. आमच्या फाटकाशी 2019 ची खूण जमिनीपासून सात फुटांवर. साडेसत्तावन्नातून सात वजा केले, राहिले साडेपन्नास. म्हणजे पुलाजवळ साडेपन्नास फूट झाले की आमच्या फाटकात पाणी. नदीला उतार असतो, त्यामुळं फूटभर इकडंतिकडं होतं, म्हणून आम्ही दोन फूट आधीचाच आकडा धरतो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला खांबावर तो आकडा लाल रंगात लिहिला. खर्च किती? एक डबा रंग आणि बराच चहा.

पण मोजता मोजता एक गोष्ट टोचली. नदीकडच्या शेवटच्या गल्लीत तळमजल्यावर सगळे भाडेकरू. कुणी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतं, कुणी धुणीभांडी. आमच्या सभासद यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं, कारण वर्गणी घरमालकाकडून घ्यायची पद्धत. व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच घरमालक, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. म्हणजे पाणी ज्याच्या दारात सगळ्यात आधी येणार, त्याला आमचा मेसेज जातच नव्हता! वर्षभराच्या एकाही कार्यक्रमाला ती माणसं नव्हती आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

त्या गल्लीचा आकडा निघाला 42. एका ताईंना सांगितला तर म्हणाल्या, 'दादा, आम्हाला आजवर कुणी आकडा सांगितलाच नाही. मालक फोन करून सांगायचे, सामान वर ठेवा.'

त्यानंतर एक वही केली. कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठं तान्हं बाळ आहे, कुणाचा नवरा रात्रपाळीला असतो आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली होती, कारभार प्रशासकांकडं. ओळखीच्या माणसाला फोन करून काम होण्याचे दिवस नव्हते. म्हणून वहीची एक प्रत कार्यालयात दिली, एक किराणा दुकानात ठेवली.

ऑगस्ट 2025 ला कोयनेतून विसर्ग वाढला आणि आयर्विनला पाण्यानं इशारा पातळी ओलांडली. 45 पर्यंत गेलं नाही. बातम्यांच्या हिशोबानं काही मोठं घडलं नाही. पण 40 व्हायच्या आतच त्या गल्लीतल्या ताई पोरं, गॅसची टाकी आणि रेशनकार्ड घेऊन शाळेत पोचल्या होत्या. कुणी होडी मागवली नाही. आमच्या वर्षभराच्या कामातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा कार्यक्रम तो. त्याचा एकही फोटो नाही.

आता तुमच्याबद्दल. साताऱ्याला आमच्यासारखा पूर नाही. तुमच्याकडं पडलेला पाऊस कऱ्हाडवरून आमच्याकडं येतो, तेवढंच आपलं नातं! पण शाहूपुरीसारखे भाग 2020 च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आले. तिथं नळाला पाणी किती वाजता येतं, कुठलं गटार कुठल्या पावसात तुंबतं, उताराच्या कडेला कोण राहतं, हे तुम्ही मोजू शकता. हळदीकुंकू बंद करू नका. आमच्या टेपला दारं उघडली ती त्या ओळखीमुळंच. फक्त यादी वाचताना एकदा विचारा, यात कोण नाही?

यंदा आमच्याकडं वर्गणीचा नियम बदललाय. भाडेकरूही सभासद, वर्षाला दहा रुपये. दोन-तीन मालक रुसलेत, अजून समजूत काढणं चालू आहे. आजोबा मात्र आता आकडा विचारतात.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी सांगली, मिरज किंवा नदीकाठच्या गावातलं असेल, तर या रविवारी टेप काढा. घरातल्या बाईमाणसाला विचारा, 2019 चा चिखल कुठवर होता. वजाबाकी करा आणि आकडा दारावर लिहा. मग शेजारच्या भाडेकरूच्या दारावरही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!