संमतीचा प्रश्न आणि नफ्याचा हिशेब



स्पेनमधील आल्मेन्द्रालेखो या लहानशा गावात २०२३ साली शाळकरी मुलींची नग्न चित्रे मोबाइलवरून फिरू लागली. मुली २० हून अधिक. सर्वांत धाकटी ११ वर्षांची. यांपैकी एकीचेही तसे छायाचित्र कोणी काढलेले नव्हते. समाजमाध्यमांवरील त्यांची साधी, कपड्यांतील छायाचित्रे उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपने ती बनविलेली होती. करणारी मुले त्यांच्याच ओळखीची. २०२४ मध्ये न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या परिवीक्षेची शिक्षा फर्माविली. मुले सापडली, हे ठीकच झाले. परंतु ज्यांनी हे साधन बाजारात मांडले, त्यांचे काय?

हा केवळ काही वाह्यात मुलांच्या विकृतीचा प्रश्न नाही. हा धंदा आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी वकिलांनी ऑगस्ट २०२४ मध्ये अशा १६ संकेतस्थळांविरुद्ध दावा दाखल केला. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत या संकेतस्थळांना २० कोटींहून अधिक भेटी दिल्या गेल्या होत्या. पूर्वी असे चित्र बनविण्यास कसब आणि वेळ लागे. आता तो खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे, नफा मालकाने घ्यावा आणि रोगराई काठच्या गावाने भोगावी, तसाच हा व्यवहार होय. येथे नफा ॲपच्या मालकाचा. शाळा सुटते, नोकरी जाते, झोप उडते ती मुलीची.

भारतातील कायदा याकडे कसा पाहतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ चित्र अश्लील आहे काय, एवढेच विचारते. कलम ६६ई संमतीचा विचार करते खरे. पण ते व्यक्तीच्या खाजगी अवयवांच्या चित्रासंबंधी आहे. चित्रातील देह तिचा नव्हेच, असा युक्तिवाद करण्यास आरोपीच्या वकिलाला तेथे वाव राहतो. २०२१ च्या नियमांनी पीडितेच्या तक्रारीनंतर २४ तासांत असा मजकूर हटविण्याचे बंधन घातले आणि त्यात कृत्रिमरीत्या बदललेल्या चित्रांचाही समावेश केला. हे पाऊल योग्यच होते. तथापि हटविणे म्हणजे भरपाई नव्हे.

वास्तविक अपराध चित्राच्या अश्लीलतेत नाही. तो संमतीवाचून केलेल्या हरणात आहे. हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. मथुरा प्रकरणात, आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमती गृहीत धरली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले; स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ ची दुरुस्ती त्यातून आली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्री 'संमती नव्हती' असे सांगत असेल, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. कायदा आपोआप शहाणा झाला नाही. चळवळीने त्याला शहाणे केले.

आज मागणी तीच हवी. ब्रिटनने २०२५ च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीची अशी प्रतिमा संमतीवाचून नुसती बनविणे हाही गुन्हा ठरविला. भारतानेही गुन्ह्याची कसोटी संमती हीच ठेवावी आणि जे साधन मुख्यत्वे याच कामासाठी विकले जाते, त्याच्या मालकावर व त्याची जाहिरात घेणाऱ्यावर नुकसानभरपाईचे दायित्व टाकावे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्रीच्या प्रतिष्ठेचे नाव पुढे करून सत्ताधाऱ्यांना व्यंगचित्र वा टीका पुसून टाकण्याचा अधिकार मिळता कामा नये. आणीबाणी पाहिलेल्या चळवळीला हे सांगावे लागू नये. म्हणून हा कायदा लैंगिक प्रतिमांपुरताच काटेकोर असावा आणि हटविण्याच्या आदेशावर स्वतंत्र यंत्रणेकडे अपील असावे.

कायदा होईपर्यंतचे काम कार्यकर्त्यांचे आहे. गावात असे चित्र फिरले की पहिला प्रश्न विचारला जातो, 'तिने फोटो टाकलाच कशाला?' त्या प्रश्नाला चावडीवर, शाळेत आणि घरात उत्तर द्यावे लागेल. तक्रार नोंदविताना तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे लागेल. ज्या दिवशी मान खाली घालण्याची पाळी मुलीवर न येता चित्र विकणाऱ्यावर येईल, त्या दिवशी अर्धा लढा जिंकलेला असेल.