मॉन्ट्रियल विरुद्ध एडमंटन : कधीच न होणारी मालिका

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'संगणकाबद्दल काहीतरी बोल' असं सांगितलं आहे. पण मी खेळाबद्दल बोलणार आहे. कारण गेले तीन महिने आपल्या ग्रुपवर एकच वाद पेटलेला आहे. स्मरणिकेत 'शाळेचा सर्वकालीन खो-खो संघ' छापायचा, तर त्यात कोण कोण? ८८ ची तुकडी भारी की आपली ९६ ची? दोघांची गाठ पडली असती तर कोण जिंकलं असतं?

या वादाचा मला नोकरीमुळे बराच सराव आहे. आमच्या टीममधले निम्मे लोक टोरंटोत बसतात. हिवाळा लागला की त्यांच्यात एक खेळ सुरू होतो. एका क्लबच्या सगळ्या इतिहासातून उत्तम खेळाडू निवडायचे, दुसऱ्याने दुसऱ्या क्लबचे निवडायचे आणि दोघांची प्लेऑफची मालिका लावायची. खेळ अर्थात आइस हॉकी. बर्फाच्या मैदानावर गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, आणि चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. त्यांची मोठी लीग एनएचएल, आणि विजेत्याला स्टॅन्ली कप. प्लेऑफमध्ये सात सामन्यांची मालिका असते, चार आधी जिंकेल तो पुढे.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध एडमंटन ऑइलर्स यावर. मॉन्ट्रियलकडे २४ स्टॅन्ली कप आहेत. १९५६ ते १९६० सलग पाच, १९७६ ते १९७९ सलग चार. एडमंटनकडे पाच आहेत, १९८४ ते १९९० या सात वर्षांतले. पण एडमंटनकडे वेन ग्रेट्स्की आहे. त्याने एनएचएलमध्ये ८९४ गोल केले, आणि गोलसाठी पास दिले १,९६३. म्हणजे त्याचे गोल बाजूला ठेवले, तरी नुसत्या पासांचा आकडा इतर कोणाच्याही गोल आणि पास मिळून होणाऱ्या बेरजेपेक्षा मोठा आहे.

मग प्रश्न मिटला? नाही. इथेच माझ्यातली इंजिनिअर जागी होते.

पहिली गोष्ट काळाची. १९८१-८२ च्या हंगामात ग्रेट्स्कीने ९२ गोल केले. पण त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्याला सरासरी चार गोल करत होता. २००३-०४ मध्ये तीच सरासरी अडीचच्या थोडी वर होती. त्या प्रमाणात ९२ कमी केले तर साठाच्या जवळपास येतात. आकडा बराच घटला. पण २००३-०४ मध्ये सगळ्यात जास्त गोल किती होते? ४१, तेही तिघांचे बरोबरीने. म्हणजे काळाची वजावट करूनही ग्रेट्स्की कितीतरी पुढे राहतो. वजावट केल्याने मोठा माणूस लहान होत नाही. तो नेमका किती मोठा होता ते कळतं.

हीच वजावट मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारलाही लागते. १९४४-४५ मध्ये त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. असं करणारा तो पहिला. पण ते युद्धाचं वर्ष होतं, कित्येक चांगले खेळाडू सैन्यात होते. दुसऱ्या बाजूला, त्या काळात लीगमध्ये संघच सहा होते. एका संघात एक गोलरक्षक धरला, तर गोलरक्षकाच्या नोकऱ्या सहा! आणि तेही तोंडावर काही न लावता उभे राहायचे. मॉन्ट्रियलच्या झाक प्लांतने १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पक तोंडावर बसल्यावर टाके घालून घेतले आणि मुखवटा घालूनच परत उतरला. तेव्हापासून ती पद्धत पडली. आता सांगा, त्याची तुलना आजच्या गोलरक्षकाशी कुठल्या कोष्टकात करायची?

दुसरी गोष्ट नियमांची. मालिका कुठल्या नियमांनी खेळवायची? या दोन्ही संघांमुळे लीगला नियम बदलावे लागले आहेत. पूर्वी शिक्षा झालेला खेळाडू पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसायचा, मग समोरच्याने कितीही गोल करोत. ५ नोव्हेंबर १९५५ ला मॉन्ट्रियलच्या झाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध अशा वेळी ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून एक गोल झाला की शिक्षा संपेल, असं ठरलं. एडमंटनचं उलट. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू एकदम बाहेर गेला की चार-चार उरायचे, मैदान मोकळं व्हायचं आणि ग्रेट्स्की मंडळी समोरच्याला पळवून पळवून दमवायची. १९८५ मध्ये लीगने तो नियम बदलला आणि पाच-पाचच ठेवले. १९९२ मध्ये जुना नियम परत आणला. तेव्हा १९५५ चे नियम लावले तर माझं वजन मॉन्ट्रियलच्या पारड्यात, १९८४ चे लावले तर एडमंटनच्या. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही याला गृहीतक म्हणतो. बहुतेक भांडणं उत्तरावरून वाटतात, पण ती गृहीतकांवरून असतात.

तिसरी गोष्ट संघाची. अशा खेळात गोल आणि पास यांचे गुण मिळतात, म्हणून सगळे चढाईचे खेळाडू घेतात. एडमंटनकडे ते भरपूर आहेत : ग्रेट्स्की, मार्क मेसिए, यारी कुरी, आताचा कॉनर मॅकडेव्हिड, आणि बचावपटू असून एका हंगामात ४८ गोल करणारा पॉल कॉफी. मॉन्ट्रियलमध्ये मात्र बॉब गेनी नावाचा एक खेळाडू होता. त्याचं काम समोरच्याच्या सर्वोत्तम माणसाला काही करू न देणं. १९७८ मध्ये अशा खेळासाठी लीगने वेगळं पारितोषिक सुरू केलं, आणि पहिली चारही वर्षं ते गेनीला मिळालं. आमच्या ऑफिसच्या खेळात त्याला कोणी उचलत नाही. मी पहिल्या फेरीत उचलते.

१९८५-८६ मध्ये ग्रेट्स्कीने गोल आणि पास मिळून २१५ गुण केले. हा विक्रम अजून उभा आहे. त्या वर्षी एडमंटन कप जिंकलं का? नाही. कॅल्गरीविरुद्ध सातव्या सामन्यात, २-२ बरोबरी असताना, स्टीव्ह स्मिथ या तरुण बचावपटूचा पास स्वतःच्याच गोलरक्षकाच्या पायाला लागून आपल्याच गोलमध्ये गेला. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता. पुढच्या वर्षी एडमंटन जिंकलं. कर्णधार ग्रेट्स्कीने कप उचलला आणि सगळ्यात आधी स्मिथच्या हातात दिला. सर्वकालीन संघात स्मिथ कोणी घेणार नाही. पण संघ म्हणजे काय, ते मला त्या प्रसंगातून समजतं.

आता निकाल. माझं मत : सात सामन्यांत मॉन्ट्रियल. गोलमध्ये केन ड्रायडन, पुढे डग हार्वी आणि लॅरी रॉबिन्सन, आणि ग्रेट्स्कीच्या मागावर गेनी. १९७६-७७ मध्ये ड्रायडन-रॉबिन्सनचा संघ ८० सामन्यांत फक्त आठ हरला होता. पण खात्री किती? एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरली, तर सात सामन्यांची मालिका तो शंभरातून साधारण ६१ वेळा जिंकेल. उरलेल्या ३९ वेळा 'दुबळा' संघ जिंकतो. १९८१ मध्ये हे दोन क्लब प्लेऑफमध्ये खरोखर भेटले होते. वीस वर्षांच्या ग्रेट्स्कीच्या एडमंटनने बलाढ्य मॉन्ट्रियलला सरळ तीन सामन्यांत घरी पाठवलं.

इथपर्यंत गंमत आहे. मला खरं बोलायचं आहे ते चौथ्या गोष्टीबद्दल.

एडमंटनचा गोलरक्षक ग्रँट फ्युअर कृष्णवर्णीय आहे. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, २००३ मध्ये. तो पन्नास वर्षं आधी जन्मला असता तर? त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. बेलिव्हो एनएचएलमध्ये येण्याआधी क्युबेक एसेस या संघात खेळायचा. तिथे हर्ब कार्नेगी हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याचा सहकारी होता. बेलिव्हो पुढे गेला. कार्नेगीला एनएचएलचा एकही सामना मिळाला नाही. लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ ला, बोस्टनचा विली ओ'री, आणि तोही मॉन्ट्रियलच्याच मैदानावर. कार्नेगीला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याच्या नावापुढे एनएचएलचा एकही गोल नाही. माझ्या कुठल्याही सूत्राने शून्याला काळाची वजावट लावता येत नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

म्हणून मी 'सर्वकालीन' हा शब्द जपून वापरते. त्याचा खरा अर्थ एवढाच : ज्यांना मैदान मिळालं, त्यांच्यातले सर्वोत्तम.

आता आपल्या यादीकडे या. ग्रुपवर बारा नावं फिरत आहेत. बाराही मुलगे. सगळे त्या जागेचे मानकरी आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या वर्गातल्या मुली रोज शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर, त्याच खांबांमध्ये पळायच्या. तालुक्याबाहेरच्या सामन्यांना त्यांना पाठवत नसत, कारण परतायला रात्र होई. तो काळच तसा होता आणि कित्येक घरांतून परवानगीही मिळाली नसती. त्यामुळे शाळेच्या कपाटातल्या एकाही ढालीवर त्यांचं नाव नाही. आपल्या पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीची पळती ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी आठवून बघा. सरावात मुलांच्या संघातला कोणी तिला पटकन बाद करू शकत होता का? इथे बसलेल्या किमान चार 'सर्वकालीन' खेळाडूंना उत्तर माहीत आहे. ते आत्ता खाली बघत आहेत.

८८ भारी की ९६, हा वाद चालू राहू दे. ते अनवाणी मुरमावर खेळले, आपल्याला निदान बूट होते. तेवढी वजावट आपण द्यायला हवी. पण समितीला माझी एक विनंती आहे. त्या बारा नावांचं पान छापा, आणि समोरचं पान त्या मुलींसाठी ठेवा. आकडे नसतील, सामने नसतील, ढाली नसतील. फक्त नाव, आणि ज्यांनी तिचा खेळ डोळ्यांनी पाहिला अशा एकाने लिहिलेल्या दोन ओळी. सर, बाई, तुम्ही रोज मैदानाच्या कडेला उभे असायचात. पहिल्या दोन ओळी तुम्ही लिहाव्यात. बाकीच्यांनी आज जेवणाआधी माझ्याकडे कागद द्यावेत. मजकूर छापखान्यात जायला अजून दहा दिवस आहेत.