मूळ पुस्तक आधी वाचा
(वडनेर भोलजी येथील विद्यार्थी-सत्कार प्रसंगी केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. महाविद्यालयाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा कला शाखेच्या प्रथम वर्षात जाणाऱ्या मुलामुलींस वाङ्मयाभ्यासाविषयी सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोचतो, हा प्रश्नच आहे. परंतु आपली चूक सांगावयास पदवी लागत नाही.

आम्ही आयुष्यभर कविता शिकविली ती फळ्यावर मध्यवर्ती कल्पना लिहून देऊन. मुलांनी ती उतरवून घेतली व गुण मिळविले. गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने महाविद्यालयातील एका कवितेचे रसग्रहण आम्हांस घडाघडा म्हणून दाखविले. ‘कविता वाचलीस काय?’ असे विचारताच त्याने मान खाली घातली. वस्तुतः ती मान आमची खाली जावयास हवी होती.

मग आम्ही त्याच्या हाती उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी दिली. तिच्यातील संवाद आपल्या वऱ्हाडी बोलीत आहेत. तो ओसरीवर बसून मोठ्याने वाचू लागला. त्याची निरक्षर आजी डाळ निवडता निवडता थांबली व म्हणाली, “अरे, ते बाई रागानं नाई बोलत, पोराच्या भुकेनं बोलते.” मुलाने ते वाक्य पुन्हा वाचले, आणि त्याचा आवाज पालटला. रसग्रहण म्हणतात ते हेच होय, असे आम्हांस त्या क्षणी उमगले.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंती एवढीच : मूळ कृती प्रथम वाचा, एकदा मनात, एकदा मोठ्याने. कोणता शब्द अडला, कोणता मनात राहिला, ते स्वतःच्या भाषेत लिहा. अलंकारांची नावे व टीकाकारांची मते त्यानंतर पाहा. ती दिव्यासारखी उपयोगी पडतात, परंतु पाहावयाचे डोळे आपलेच असावे लागतात.

वाङ्मय दूर पुण्यामुंबईसच निपजते, असेही मानू नका. ‘शीळ’ लिहिणारे ना. घ. देशपांडे आपल्याच जिल्ह्यातील मेहकरचे. त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहास १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अखेर मंडळाच्या चालकांस एक सूचना. शिष्यवृत्तीच्या पाकिटासोबत प्रत्येक विद्यार्थ्यास नेमलेले एक मूळ पुस्तक द्यावे, मार्गदर्शिका नव्हे. पहिल्या पुस्तकाची किंमत आम्ही आज येथेच देत आहोत. ज्या घरी ते जाईल, त्या घरच्या आजीसही ते वाचून दाखवावे, एवढीच अट.

इत्यलम्.