रविवारचं मैदान



मी सॉफ्टवेअरवाली, आणि खेळाच्या तासाला कायम झाडाखाली बसणारी. ती आज गोल्फवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकांवरून हसू येणारच! पण दोन मिनिटं ऐका.

कामासाठी स्कॉटलंडला असताना एका रविवारी मी सेंट अँड्र्यूजला गेले. तिथला 'ओल्ड कोर्स' म्हणजे गोल्फची पंढरी. वाटलं, उंच कुंपण असेल, दारावर रखवालदार असेल. पाहते तर हिरवळीवर आजोबा कुत्रं फिरवताहेत, पोरं पळताहेत! मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ बंद आणि मैदान सगळ्यांना फिरायला मोकळं. एरवीही पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांतून गावाचा रस्ता जातो.

हे सहज मिळालेलं नाही. १४५७ मध्ये राजानं गोल्फवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. १५५२ मध्ये आर्चबिशपच्या सनदेनं गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क मान्य केला. पुढे नगरपालिकेचं दिवाळं निघालं, जमीन हातची गेली आणि तिथे व्यापारासाठी ससे पाळले गेले. गोल्फवाले कोर्टात भांडले. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानं ती विकत घेऊन वाचवली. आज ती एका सार्वजनिक ट्रस्टकडे आहे.

गणिताच्या बाईंसाठी एक गंमत. १७६४ मध्ये तिथे २२ होलचे १८ केले, तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. तिथल्या सात हिरवळी दोन-दोन होल्सना सामाईक आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ च येते. दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं आठवा-दहावापर्यंत!

आता मुद्द्याचं. याच शाळेच्या मैदानावर मी रविवारी सायकल शिकले, गुडघे फोडून घेतले. तेव्हा फाटक उघडं असायचं. आता कुलूप असतं. काल संध्याकाळी फाटकाबाहेर मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. दर दोन चेंडूंनी रिक्षा आली की खेळ थांबायचा.

काचा फुटतात, जबाबदारी कोण घेणार, ही शाळेची अडचण खरी आहे. म्हणून रविवारच्या राखणदाराचा पगार आपल्या बॅचनं उचलावा, असं मी सुचवते. माझा वर्षभराचा वाटा आजच देते.

कुलपाची किल्ली मात्र सरांनीच द्यायची आहे!